मालाचं नाव

काट्यावर बसायचो तेव्हा पावतीला चार रकाने होते.
गाडी नंबर, भरलेली, रिकामी, मालाचं नाव.
पहिली सात वर्षं चौथ्यात मी एकच लिहिलं,
खडी.
मुसळगावच्या मागच्या त्या काळ्या खाणीत
दुसरं काही पिकतच नव्हतं.

दगडात मधेच पांढरं निघायचं.
खवा लागल्यासारखं, कुठे दातांसारखं,
कुठे पंख्यासारखं पसरलेलं.
ठेकेदार म्हणायचा, हा रस्ता धरत नाही, काढा बाजूला.
ओढ्याच्या अंगाला ढीग पडत गेला.
तो हलवायला गाडी आली की मी लिहायचो
निकामी.

तिमण्णा धोत्रे मात्र सुतकी उचलण्याआधी
दगडाला कान लावायचा.
भरीव असेल तर ठण्ण.
पोकळ असेल तर
आतून कुणी ओ दिल्यासारखं.
त्या पांढऱ्याला तो वडारी बोलीत काहीतरी म्हणायचा.
दोनदा विचारलं मी, दोनदा ऐकलं,
रकान्यात बसेल असं लिहिता आलं नाही.

मग कुंदा गडाख आली, सिन्नर कॉलेजची, रसायनशास्त्र.
मालकाच्या साडूची मुलगी, म्हणून कुणी हाकललं नाही.
चहाच्या स्टोव्हवर तिने परीक्षानळी धरली,
तळाला चिमूटभर भुगा, अगदी कोरडा.
थोड्या वेळाने काचेला आतून थेंब.
"बघा काका, दगडाला घाम येतो."
मी उगाच कपाळ पुसलं.

ती पिशवीत नमुने घालून एसटीने फिरली.
निफाडला बागायतदारांनी चहा पाजून पाठवलं.
दिंडोरीत एकाने विचारलं, दगड विकतेस, आमच्यात कमी आहेत का?
घोटीच्या रस्त्याला सलीम अत्तारचं पोल्ट्रीशेड.
तिथे डोळे चुरचुरत, आत बोलायचं तर तोंडाला रुमाल.
तिने भुश्शात दोन पोती पसरली आणि निघून आली.
पाचव्या दिवशी फोन.
सलीमभाई आतूनच बोलत होते. रुमालाशिवाय.

अंबडहून जुनी चक्की आली.
बारदानवाल्याकडे पाचशे पोती छापायला दिली,
त्याने झिओलाइटचं छापलं जिवोलाइट.
कुंदाच्या डोळ्यांत पाणी.
मालक एक पोतं उलटसुलट करत म्हणाला,
असू दे गं. जीव आहे, ओला आहे. अजून काय पाहिजे?
त्याच नावाने माल आंध्रात कोळंबीच्या तळ्यांपर्यंत गेला.
ओढ्याकाठचा ढीग दीड वर्षात संपला.
मग खडी निकामी झाली.

एका मंगळवारी तिमण्णाने घण मारलाच नाही.
छिन्नीने, दुपारभर, कडेकडेने.
उघडलं तेव्हा आत हिरवं,
नितळ, टोकदार, बोटाएवढे मनोरे,
आणि त्यांच्यामध्ये थोडीशी बंद हवा
जी आम्हा पाच जणांच्या तोंडावर आली असणार.
चक्कीवाला ट्रॉली घेऊन उभा होता.
छोट्या काट्यावर भरलं चार किलो दोनशे.
अकरा रुपये भावाने शेहेचाळीस रुपये वीस पैसे.
मुंबईच्या व्यापाऱ्याने अठरा हजार दिले,
कापसात गुंडाळून, लेकरासारखं मांडीवर घेऊन गेला.
त्या पावतीचा चौथा रकाना कोरा आहे.
माझ्या नोकरीतला तेवढा एकच.

तिमण्णाला पाचशे मिळाले, वर दोन पोती बक्षीस.
ना कोंबड्या, ना द्राक्षं;
उंबऱ्याशी पायरी करून ठेवलीत.
आता खोकला फार, खाणीवर जात नाही.
मी निवृत्त झाल्यावर भेटायला गेलो
तर पोत्यावर बोटाचं पेर वाजवून दाखवलं त्याने.
"हा बोलत नाही."
मग नातवाला हाक मारून चहा सांगितला,
आणि आम्ही दोघं
जिवोलाइटवर बसलो.